भांड्यावरचं नाव

“नाव काय घालू?”

भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर स्टूल टाकून बसलेल्या माणसाने माझ्याकडे न बघताच विचारलं. त्याच्या मांडीवर माझं नवंकोरं पातेलं होतं आणि हातात नाव घालायचं ते कर्रकर्र करणारं यंत्र. सांगलीची गणपती पेठ, भर दुपार, मागे आणखी दोन गिऱ्हाइकं आपापली भांडी घेऊन ताटकळलेली.

“लग्नाचा आहेर आहे ना?” तो म्हणाला. “मग सोपं आहे. चिरंजीव अमुक आणि सौभाग्यकांक्षिणी तमुक. तारीख टाकायची का?”

“माझ्या वडिलांचं लग्न आहे,” मी म्हटलं.

यंत्र थांबलं. मागच्या बाईंनी पुढे वाकून मला नीट बघून घेतलं.

“मग चिरंजीव नको,” तो थोडा विचार करून म्हणाला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण कोणी आहेराचा विषय काढला की मला अजून ती पायरी आठवते.

आई जाऊन चार वर्षं झाली होती. अण्णा विश्रामबागेतल्या घरात एकटे राहत होते आणि मी कोल्हापूरला बसून त्यांच्या जेवणाखाण्याची काळजी करत होते. एक दिवस त्यांचा फोन आला. हवापाण्याचं बोलावं तशा आवाजात त्यांनी सांगितलं, की ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीत त्यांची हेमलता बर्वे नावाच्या बाईंशी ओळख झाली आहे. मिरजेच्या मुलींच्या शाळेत त्या शिवणकाम शिकवायच्या, आता निवृत्त आहेत, लग्न केलेलं नाही, भावाकडे राहतात. आणि आता दोघांनी लग्न करायचं ठरवलं आहे. मग म्हणाले, “तुझी हरकत असली तर आत्ताच सांग. नंतर तोंड पाडून बसायचं नाही.”

हरकत नव्हती. खरं सांगते, आधी मला सुटल्यासारखंच वाटलं. भीती मागून आली, आणि आली ती मुक्कामालाच. आई गेल्यावरही मी सांगलीला गेले की मन मानेल तशी वावरायचे. कुठलाही डबा उघडायचा, उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकायचं, दुपारी पंख्याखाली अंग टाकून द्यायचं. आता त्या घरात एक बाई येणार होत्या. त्या कितीही चांगल्या असल्या तरी मी तिथे पाहुणी होणार होते. मी बाहेर खुर्चीत बसणार, त्या आत चहा करणार, मी उठले की म्हणणार, “तुम्ही बसा हो.” माहेर असं कोणी सांगून बंद करत नाही. आपलंच जाणं कमी होत जातं, आणि मग एक दिवस लक्षात येतं की दोन दिवाळ्या झाल्या, आपण तिकडे फिरकलोच नाही. हे होऊ द्यायचं नाही असं मी मनाशी पक्कं केलं होतं. फक्त कसं थांबवायचं ते कळत नव्हतं, म्हणून मी सगळा जीव त्या आहेरात अडकवून बसले.

अण्णांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, कोणी आहेर आणायचा नाही. पण लोकांनी न आणणं वेगळं आणि पोटच्या मुलीने रिकाम्या हाताने जाणं वेगळं.

“पाकीट दे,” सुहास, माझा नवरा, म्हणाला.

“सख्ख्या बापाला पाकीट देऊ?”

“मग भिंतीवरचं घड्याळ. आपल्या लग्नात आलेली अजून माळ्यावर आहेत. एखादं चालू असेल.”

त्याच्याकडून काही होण्यासारखं नव्हतं. मी अण्णांना फोन लावला. देईन ते रोज वापरात यायला हवं, नुसतं कपाटात बसायला नको, एवढं माझं ठरलेलं होतं.

“अण्णा, मिक्सर देऊ?”

“आहे की. दोन आहेत.”

“कुकर?”

“आईचेच तीन आहेत.”

“चादरी, उशा, असं काही?”

“मंजू,” अण्णा म्हणाले, “या घरात आता आणखी एक चमचा जरी आला तरी मला ओसरीवर झोपावं लागेल.”

तेव्हा मी केळवणाचा घाट घातला. लग्नाआधी जवळच्यांनी नवऱ्या मुलाला, नवऱ्या मुलीला बोलावून गोडाधोडाचं जेवायला घालायचं ही रीत. बापाचं केळवण लेकीने केल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं, पण त्याला काय झालं. हेमलताबाईंचं त्यांच्याकडे कोणी करणार नाही असं कानावर आलं, तेव्हा त्यांनाही त्यातच बोलावलं. केळवण ठेवलं अण्णांच्याच घरी, कारण मला त्या स्वयंपाकघरात त्यांना वावरताना बघायचं होतं. त्यांचं कुठे अडतं ते दिसलं की तेच द्यायचं, असा माझा बेत होता.

त्या आल्या त्या माझ्या खांद्याएवढ्या, बारीक चणीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. पानं घ्यायच्या वेळी पदर खोचून आत आल्या खऱ्या, पण कशाला हात लावायच्या आधी विचारायच्या. “ही पळी घेऊ?” “कोशिंबीर यात काढू का?” मी दरवेळी घ्या, काढा, म्हणत होते आणि मलाच अवघडल्यासारखं होत होतं.

अण्णांची थोरली बहीण, माई आत्या, दोन गल्ल्या सोडून राहायची. ती दारातल्या खुर्चीत बसून सगळं बघत होती.

“विचारता काय, घ्या की,” ती म्हणाली. “शरयूचा संसार भरलेला आहे. तुम्ही नुसतं यायचं. एक वाटीसुद्धा आणायला नको.”

आत्या हे मनापासून म्हणाली होती. हेमलताबाई हसल्या. त्यांनी फळीवरून एक ताट घेतलं, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ताट उजेडाकडे तिरपं धरून वाचलं. “सौ. शरयू स. खांबेटे. मंजिरीचे बारसे.” मग वाटी घेतली. त्यावरही सौ. शरयू, आणि संक्रांतीची तारीख. आईचा तो सोसच होता. भांडं घरात आलं की आधी नाव घालून आणायची. तिने एकही भांडं बिननावाचं ठेवलं नव्हतं, चमच्यांच्या दांड्यांवरसुद्धा श. खां. होतं. माझा जन्मच त्या नावांत गेलेला, त्यामुळे मला ती दिसायची बंद झाली होती. त्या दिवशी ती सगळीच्या सगळी एकदम दिसली.

जेवणं झाल्यावर त्या भांडी पुसायला लागल्या. एकेक भांडं कोरडं करून खाली ठेवताना आवाज होऊ देत नव्हत्या. कोणाकडून कार्यापुरती आणलेली, मोजून परत द्यायची असावीत, तशी त्यांची ती काळजी होती.

“तुमची भांडी येऊ द्या ना इकडे,” मी म्हटलं. “हाताला सवयीची असतात.”

“माझी?” त्यांना प्रश्नच कळला नाही. “तिथली सगळी वहिनीच्या नावाची आहेत.”

“नाही, म्हणजे तुमची स्वतःची.”

“माझी कशाला असतील? मी कुठे संसार मांडला होता,” त्या म्हणाल्या, आणि फडकं पिळून वाळत घातलं. आवाजात दुःखबिःख काही नव्हतं. मलाच नाही ते ऐकल्यासारखं झालं. या बाई जन्मभर दुसऱ्या बाईच्या नावाच्या ताटात जेवल्या होत्या, आणि आता येणार होत्या त्याही दुसऱ्या बाईच्याच ताटांत. ती दुसरी बाई माझी आई होती.

तर अशी मी त्या पायरीशी जाऊन उभी राहिले. तीन उतरती पातेली, कढई, पोळ्यांचा डबा, दोन ताटं, दोन वाट्या, दोन पेले. दोघांचा संसार, दोघांपुरती भांडी. घेताना अगदी खात्री होती. नाव काय घालू म्हटल्यावर मात्र घोडं अडलं.

“सौ. हेमलता खांबेटे घाला,” असं मी म्हणणार होते. जिभेवर आलंही होतं. पण सौ. आणि खांबेटे यांच्यामध्ये आईखेरीज दुसरं नाव मला उच्चारता येईना. मोठ्या मनाने भांडी घेणारी मी, तिथे त्या उन्हात अगदी एवढीशी झाले. बरं, बर्वे घालावं तर लग्न झाल्यावर त्या बर्वे कशाला राहतील. आणि नावच घालू नये तर मग एवढा खटाटोप तरी कशासाठी होता.

“ताई, मागे लोक खोळंबलेत,” तो म्हणाला.

“हेमलता,” मी म्हटलं. “नुसतं हेमलता घाला.”

“पुढे-मागे काही नाही?”

“काही नाही.”

“बरं. आणि कोणाकडून?”

“तेही नको.”

त्याने खांदे उडवले आणि यंत्र सुरू केलं. मी पैसे चुकते केले, पिशव्या उचलल्या, आणि रिक्षात बसल्यावर दर मिनिटाला वाटत होतं की आपण काहीतरी भलतंच करून बसलोय. नाव घातलेलं भांडं कोणी परत घेत नाही.

लग्न गुरुवारी होतं, नोंदणी पद्धतीने. बुधवारी दुपारी अण्णा कटिंग करायला गेले तेव्हा घरात मी एकटीच होते. नवी भांडी फळीवर मांडायला गेले तर जागाच नाही. आईची ताटं उभी, तांबे रांगेने, डब्यांवर डबे. नवी दोन ताटं मी आधी कोपऱ्यात उभी करून बघितली, मग मागे सरकवून बघितली. कुठेही ठेवली तरी ती आश्रयाला आल्यासारखी दिसत होती. हेच करायचं असेल तर घड्याळ काय वाईट होतं?

मग मी दोन पोती शोधून काढली. मी जे केलं ते भराभर केलं, कारण हळू केलं असतं तर झालंच नसतं. एकेक भांडं काढायचं, कागदात गुंडाळायचं, पोत्यात घालायचं. माझ्या बारशाचं ताट हातात आलं आणि मी खाली फरशीवर बसले आणि रडले. आईला तिच्याच घरातून मी पोत्यात घालून काढतेय असं वाटलं. पण थांबले नाही. पोत्यांची तोंडं बांधून ती मधल्या खोलीतल्या कॉटखाली ढकलली. कार्य उरकलं की गाडीत घालून कोल्हापूरला न्यायची, असं ठरवलं. आणि फळीवर ती हेमलता नावाची भांडी ऐसपैस मांडली.

संध्याकाळी अण्णांना नव्या ताटात जेवायला वाढलं. माझा जीव टांगणीला. ते काय म्हणतात, ताटाकडे बघतात का, घास अडतो का. अण्णांनी आमटी-भात खाल्ला, दहीभात खाल्ला, आणि म्हणाले, “वांग्याची भाजी छान झालीय.” मग हात धुऊन टीव्हीसमोर जाऊन बसले. त्यांच्या काही म्हणजे काहीच लक्षात आलं नव्हतं. मला हायसं वाटलं, आणि आईच्या वतीने थोडा रागही आला.

गुरुवारी सह्या झाल्या, हार घातले, पेढे वाटले. तिथून सगळे घरी जेवायला. अण्णांचे दोन मित्र, शेजारचं जोडपं, हेमलताबाईंचे भाऊ-वहिनी आणि त्यांची मुलं, आत्याकडची माणसं, सुहास आणि मी. जेवण एका बाईंकडून सांगितलेलं होतं, मोठमोठी पातेली ओसरीवर येऊन बसली होती. आणि दारात आल्यावर आत्याने सगळ्यांना हात करून थांबवलं.

“माप ओलांडल्याशिवाय आत घ्यायचं नाही.”

“माई, अगं या वयात,” अण्णा म्हणाले.

“वयाचं काय? सून पहिल्यांदा घरात येतेय. तांदळाचं माप पायाने लवंडूनच आत येईल. मंजू, तू ओवाळायचं बघ. मी माप आणते.”

माप म्हणजे आईचं ते पितळी माप, आणि ते कॉटखाली पोत्यात होतं. “आत्या, थांब, मी आणते,” असं मी म्हणेपर्यंत आत्या स्वयंपाकघरात पोचलीसुद्धा. मग ती बाहेर आली. तिच्या हातात सगळ्यांत लहान नवं पातेलं होतं आणि ती त्यावरचं नाव वाचत होती.

“हेमलता,” ती म्हणाली. मग मान वर केली. उंबऱ्यापलीकडे गळ्यात हार घालून हेमलताबाई उभ्या होत्या. “अहो, अजून उंबरा ओलांडला नाही तुम्ही. आणि शरयूची भांडी गेलीसुद्धा?”

सगळ्यांनी वळून हेमलताबाईंकडे पाहिलं. त्यांना बिचाऱ्यांना यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. त्या आत्याकडे बघत होत्या, मग त्या पातेल्याकडे, आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. त्यांच्या वहिनीने नवऱ्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटलं. शेजारीण उगाच पदर सारखा करायला लागली. आणि मला तेव्हा, त्या क्षणाला, लख्ख कळलं की मी काय करून ठेवलंय. फळी रिकामी केली मी, पण ती त्यांच्या नावावर लागली होती, अगदी कोरून. पुढे जन्मभर माणसं म्हणणार होती, आल्या आल्या पहिलीची भांडी घालवली.

त्या सहज म्हणू शकल्या असत्या, मला ठाऊक नाही. त्या काहीच बोलल्या नाहीत. बहुधा दुसऱ्याच्या घरात आपल्याला बोलायचा हक्क नसतो याचीच त्यांना सवय होती.

ओवाळणीचं ताम्हन हातात धरून मी पुढे झाले.

“मी काढली,” मी म्हटलं.

“काय?”

“आईची भांडी मी काढली, आत्या. ही मी आणली. माझा आहेर आहे हा. यांना काही माहीत नाही.”

आत्या माझ्याकडे बघतच राहिली. “तू? पोटची पोर तू. आईचं नाव घरातून पुसायला निघालीस? कोणाला विचारलंस?”

कोणालाच विचारलं नव्हतं. सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, आणि जे होतं ते चारचौघांत बोलता येण्यासारखं नव्हतं. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांच्या कपाळाला आठ्या होत्या, पण त्या रागाच्या नव्हत्या.

“म्हणजे काल मी जेवलो ते,” ते म्हणाले, “ते आपलं ताट नव्हतं?”

सुहासला हसू आलं, ते त्याने खोकून दडवलं. बाकी कोणी हसलं नाही. माझे डोळे भरून आले होते आणि ताम्हन खाली ठेवायला जागा मिळत नव्हती.

“माईताई,” उंबऱ्यापलीकडून हेमलताबाई म्हणाल्या, “ते जरा मला बघू द्या.”

आत्याने पातेलं पुढे केलं. त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं. हारातून चष्मा बाहेर काढायला वेळ लागला. त्यांनी नाव वाचलं. पाच अक्षरंही नाहीत, पण वाचायला त्यांना बराच वेळ लागला. अक्षरांवरून अंगठा फिरवला, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मग पातेलं उलटं करून बुडाकडे बघितलं, जसं आपण घ्यायच्या आधी बघतो.

“किती आणलीत?” त्यांनी मला विचारलं.

“दोघांपुरती,” मी कसंबसं म्हटलं. “दोन ताटं, दोन वाट्या. रोजच्या वापराला.”

“आणि आईंची कुठे आहेत?”

“आत. पोत्यात बांधून ठेवलीत. मी घेऊन जाणार होते.”

त्यांनी मागे वळून पाहिलं, उभ्या असलेल्या माणसांवरून नजर फिरवली आणि ओसरीवरच्या त्या मोठ्या पातेल्यांवरून.

“मग या सगळ्यांना आज वाढायचं कशात?”

मी तर हादरलेच. दोन आठवडे मी आहेर उपयोगाचा हवा, उपयोगाचा हवा म्हणून जिवाचं रान केलं, आणि लग्नाच्या दिवशी घरात जेवायला पंधरा माणसं आणि ताटं दोन अशी वेळ आणून ठेवली.

“अगबाई,” आत्या म्हणाली.

“पोती सोडायला हवीत,” हेमलताबाई म्हणाल्या. “जेवण निवतंय. माप बिप काय ते लवकर करा, आणि मला आत तर घ्या.”

आत्याने पातेलं त्यांच्या हातातून घेतलं, त्यात तांदूळ भरले आणि उंबऱ्यावर ठेवलं. मी ओवाळलं. त्यांनी उजव्या पायाने ते इतकं हलकेच कलंडवलं की जेमतेम मूठभर तांदूळ सांडले, आणि त्या आत आल्या. गळ्यातला हार काढून खुंटीला अडकवला आणि सरळ कॉटपाशी जाऊन खाली बसल्या. पोत्याची गाठ मी रडत रडत बांधली होती, ती काही केल्या सुटेना. शेवटी त्यांनी ती दातांनी सोडवली.

कागदातून एकेक ताट निघायला लागलं. त्या वाचायच्या आणि माझ्या हातात द्यायच्या. “मंजिरीचे बारसे. हे तुझं, हे तू घे. हे कोणाच्या मुंजीतलं?” अण्णांनाही पोत्याजवळ बसावंसं वाटलं. एका तांब्याची हकिकत त्यांनी सांगायला घेतली, ती आत्याने पुरी केली, कारण तो तांब्या तिनेच आईला दिला होता. मला त्या ‘तू’ म्हणाल्याचं बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

जेवणं झाली. सगळे आईच्या ताटांत जेवले. हेमलता नावाच्या दोन ताटांपैकी एकात अण्णा जेवले आणि एकात त्या. या वेळी मात्र अण्णांनी बसायच्या आधी ताट फिरवून नाव बघितलं.

दुपारी भांडी घासून झाल्यावर मी पोती पुन्हा पुढे ओढली. “आता नेते मी ही,” मी म्हटलं. हेमलताबाईंनी पोती घडी करून कोनाड्यात टाकली. आत्या पुसत होती, त्या फळीवर ठेवत होत्या, कुठल्या नावाशेजारी कुठलं नाव येतंय ते न बघता, आकाराने बसेल तसं. लहान पातेली आत, मोठी बाहेर. जागा झाली. आदल्या दिवशी मला ती का सापडली नव्हती कोण जाणे.

आम्ही निघालो तेव्हा उन्हं उतरली होती. सुहास गाडी काढत होता. अण्णा फाटकापर्यंत आले. मी चप्पल घालत होते तेवढ्यात त्या आतून आल्या. हातात तो नवा पोळ्यांचा डबा, गच्च भरलेला, झाकण नीट बसतसुद्धा नव्हतं.

“मसालेभात आहे आणि वर जिलब्या ठेवल्यात,” त्या म्हणाल्या. “तू काही जेवली नाहीस. मी बघत होते.”

“अहो, हा तुमचा नवा डबा आहे. पिशवीत द्या ना, नाहीतर केळीच्या पानात बांधून द्या.”

“डब्यातच ने. परत आणून दे म्हणजे झालं. नाव घातलंय त्याच्यावर, हरवायचा नाही.”

“कधी आणू?”

“रविवारी आण. जास्त दिवस ठेवू नकोस,” त्या म्हणाल्या. “पोळ्या ठेवायला माझ्याकडे दुसरा डबा नाही.”

त्यांच्या मागे स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. फळीवर आईचे पोळ्यांचे तीन डबे एकावर एक ठेवलेले मला स्पष्ट दिसत होते. मघाशी त्यांनीच ते तिथे ठेवले होते.

“आणते,” मी म्हटलं.